अडलेला बाण

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या पोटातील व्यवहारावर लेख लिहावा, याचे माझ्या वर्गातील मैत्रिणींना नवल वाटले. "तुझा विषय मराठी, मग हे कशाला?" असे एकीने विचारलेही. त्यावर माझे उत्तर एवढेच, की ज्या वस्तूने वर्षभर माझ्या मनात स्वतःविषयी शंका निर्माण केली, ती वस्तू आतून कशी चालते हे समजून घेणे मला भाग पडले. ते समजल्यावर मन हलके झाले. माझ्यासारख्या इतर कोणाचे झाले तर बरेच, म्हणून हा लेख.

गोष्ट गेल्या वर्षीची. मी पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवरची. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आई भात आणि नाचणीची शेती पाहते. बाबा एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला जातात. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि मुदत संपायला दोन दिवस उरले होते. सकाळची एसटी धरून मी एका संगणक केंद्रात गेले. तेथील संगणक जुना होता. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या बाजारपेठेतील तळमजल्यावरचे किती सामान चिखलात गेले, हे येथील वाचकांना सांगायला नको. हा संगणक वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला, आणि वाचला म्हणून अजून राबत होता.

नाव, गाव, बँकेचा खाते क्रमांक, सारे भरून झाले. मी "पुढे" या बटणावर दाबले. काहीच झाले नाही. पडद्यावरचा बाणही जागच्या जागी थिजला. मी पुन्हा दाबले. पुन्हा दाबले. मागे माणसे खोळंबलेली. त्यांतील एक जण घड्याळ पाहत होते. मी आणखी तीन-चार वेळा दाबले असेन. मग एकाएकी संगणक जागा झाला, दोन-तीन पाने भराभर उलटली आणि समोर अक्षरे आली, की आपला अर्ज सादर झाला आहे. उत्पन्नाचा दाखला माझ्या हातातच राहिला होता! तो जोडण्याचे पान कधी आले नि कधी गेले, मला कळलेच नाही.

"ताई, एवढं दाबायचं नसतं. हाताला सवय पाहिजे," केंद्रातील मुलगा म्हणाला. तो काही वाईट हेतूने बोलला नाही. घरी आल्यावर आईही तेच म्हणाली, पण मायेने. "असू दे गं. आपल्याला कुठं सवय आहे त्याची." मला आईचे शब्द जास्त लागले. दाखला नसल्याने अर्ज नामंजूर झाला. फी भरण्यासाठी बाबांनी ठेकेदाराकडून उचल घेतली आणि ती पावसाळाभर पगारातून फेडली. त्या चार महिन्यांत मी संगणकासमोर बसले, की बोटे आपोआप आखडत.

दिवाळीच्या सुटीत माझा मावसभाऊ घरी आला. तो लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात संगणक शिकतो. त्याला सर्व हकीगत सांगितली. त्याने मध्ये एकच प्रश्न विचारला, "बाण अडला होता का?" मी हो म्हटले. तो म्हणाला, "मग ताई, तुझ्या बोटांचा काय दोष? बोटांनी सांगितलेले ऐकायला तिथं कोणी मोकळं नव्हतं." त्या एका वाक्यापासून माझा अभ्यास सुरू झाला.

पडदा एक, हक्कदार अनेक

आपण संगणकासमोर बसतो तेव्हा पडद्यावर एकाच वेळी कितीतरी गोष्टी दिसतात. एका चौकटीत अर्ज, दुसरीत हिशेब, कोपऱ्यात घड्याळ. प्रत्येक चौकट म्हणजे एक स्वतंत्र कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम. पडदा मात्र एकच. प्रत्येक प्रोग्रॅम जर वाटेल तेथे रेघोट्या ओढू लागला, तर शिमग्याच्या सोंगासारखी अवस्था होईल. म्हणून पडद्याचा कारभार एका मध्यस्थाकडे सोपविलेला असतो. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या जगात त्याला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. त्या केंद्रातील संगणकावर लिनक्सच होती.

या मध्यस्थाची कामे मुख्यतः दोन. पहिले, प्रोग्रॅमांनी सांगितलेले पडद्यावर रंगविणे. दुसरे, माउस आणि कीबोर्डवरून आलेला प्रत्येक इशारा ऐकून तो योग्य त्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचविणे. म्हणजे हा एकाच वेळी चितारीही आहे आणि निरोप्याही आहे.

मला हे समजले ते आपल्या एसटी स्थानकातील कंट्रोलरच्या खिडकीवरून. खिडकीत एकच गृहस्थ बसलेले असतात. ते रजिस्टरमध्ये गाड्यांची नोंद करतात, कंडक्टर आला की त्याचे कागद पाहतात, माइकवरून गाडी पुकारतात आणि प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरेही देतात. गर्दी नसली तर सारे सुरळीत चालते. परंतु एखादा कंडक्टर भलामोठा हिशेब घेऊन आला, की कंट्रोलर मान खाली घालून त्यात गढून जातात. अशा वेळी खिडकीशी उभी असलेली म्हातारी चार वेळा विचारते, "पोलादपूर गाडी लागली का हो?" उत्तर येत नाही. तिला वाटते, आपला आवाज पोहोचला नाही. म्हणून ती पाचव्यांदा विचारते. वास्तविक तिच्या आवाजात काही खोट नसते. कंट्रोलर एक आणि कामे चार, एवढेच कारण असते.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली रॉबर्ट शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स नावाची अशी व्यवस्था उभारण्यास आरंभ केला. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली, आणि पुढील कित्येक दशके लिनक्सच्या पडद्याचा कारभार मुख्यतः तिच्याच वंशजांनी सांभाळला. या एक्स सर्व्हरची घडण एका खिडकीच्या कंट्रोलरसारखीच होती. एक मागणी घ्यायची, पुरी करायची, मग दुसरी. त्या काळी टेबलावरच्या संगणकात प्रोसेसर एकच असे. जेथे डोके एकच, तेथे दोन माणसे बसवून काय उपयोग? शिवाय एकाच हाताने काम झाले, की क्रम चुकत नाही आणि नोंदी बिघडत नाहीत. तेव्हा त्या रचनेत शहाणपण नव्हते असे नाही. ती आपल्या काळाला साजेशी होती.

एका क्षणाचे गणित

आता प्रश्न असा, की संगणक इतका वेगवान, तर तो अडतो कसा? येथे थोडे गणित करावे लागेल.

नेहमीचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगविला जातो. म्हणजे एका वेळेस सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. साधा माउस दर ८ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा, आपली हालचाल कळवीत असतो. समजा, एखाद्या प्रोग्रॅमने मोठे चित्र रंगवायला सांगितले आणि त्यात डिस्प्ले सर्व्हरचे ३०० मिलिसेकंद गेले. आपल्या दृष्टीने ही पापणी लवण्याइतकी वेळ. परंतु तेवढ्यात पडद्याचे १८ फेरे चुकले आणि माउसचे सुमारे ३७ निरोप खिडकीबाहेर साचले.

माणसाच्या मनाचाही येथे विचार करावा लागतो. बटण दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात, म्हणजे १०० मिलिसेकंदांत, प्रतिसाद मिळाला तर तो तत्काळ मिळाल्यासारखा वाटतो. त्याहून उशीर झाला की हात चाचपडू लागतो. एका सेकंदावर गेला की मनात शंका येते, आणि शंका आली की माणूस पुन्हा दाबतो. साचलेले निरोप मात्र वाया जात नाहीत. ते रांगेत उभे राहतात आणि वाट मोकळी होताच एकामागून एक आत शिरतात. माझ्या पाच-सहा दाबण्यांचे असेच झाले. पहिले दाबणे त्या पानासाठी होते; बाकीची पुढच्या पानांवर जाऊन आदळली.

खांद्यावरचा हात

ही अडचण जाणकारांना ठाऊक नव्हती असे नाही. तिच्यावर तीन टप्प्यांनी उपाय झाले.

पहिला उपाय न्यायाचा. कीथ पॅकार्ड या एक्सच्या जुन्या कारागिराने २००० साली अशी योजना मांडली, की कोणत्याही एका प्रोग्रॅमला फार वेळ खिडकी अडवू द्यायची नाही. ठरावीक वेळ झाली की त्याला बाजूला करून दुसऱ्याचे ऐकायचे, आणि जो माणसाशी बोलत आहे त्याला थोडे झुकते माप द्यायचे. चाळीस पास घेऊन आलेल्या गृहस्थांना मधूनमधून थांबवून एक-एक पासवाल्यांना पुढे घ्यावे, तसे हे झाले. याने बराच फरक पडला. परंतु हाती घेतलेली एकच मागणी मोठी असेल, तर ती संपेपर्यंत सर्वांनाच थांबावे लागे.

दुसरा उपाय म्हणजे सिग्नल. माउस हलला की मुख्य प्रणाली डिस्प्ले सर्व्हरच्या खांद्यावर हात ठेवी. तो हातातले काम आहे तेथे सोडून माउसचा निरोप टिपून घेई, जमल्यास बाण पुढे सरकवी आणि पुन्हा कामाला लागे. बाण असा अडखळल्याविना फिरविण्याच्या सोयीला त्यांनी "सिल्कन माउस", म्हणजे रेशमी माउस, असे गमतीदार नाव दिले होते. मात्र बाण रंगविण्याची सोय संगणकाच्या चित्रयंत्रणेतच असली तरच हे साधे. ती नसेल तर बाणसुद्धा चितारीलाच हाताने काढावा लागे, आणि चितारी दुसरीकडे गुंतला की बाण थिजे.

या उपायात आणखी एक धोका होता. कंट्रोलर रजिस्टरमध्ये बेरीज करीत आहेत, हातचे दोन तोंडात आहेत, आणि त्याच क्षणी कोणी खांद्यावर हात ठेवला असे समजा. तोंडी उत्तर ते देऊ शकतील. पण त्या अर्धवट बेरजेच्या रजिस्टरला हात लावून नवी नोंद करणे धोक्याचे. नोंदीवर नोंद चढेल. तद्वत सिग्नल आलेला असताना सर्व्हरला अगदी मोजकीच कामे करता येत. नवी जागा मागणेसुद्धा वर्ज्य. उलट माउस आणि स्पर्शफलक दिवसेंदिवस हुशार होत चालले. दोन बोटांची सरक, तीन बोटांचा इशारा, हे समजून घ्यायला बरेच काम करावे लागते. खांद्यावरच्या हाताने ते निभेना.

दुसरी खिडकी

तिसरा उपाय हा या लेखाचा खरा विषय. थ्रेड म्हणजे दोरा. कामाचा एक सलग दोरा. आतापर्यंत सर्व्हरमध्ये एकच दोरा होता. त्याच खोलीत, त्याच कागदपत्रांसह, दुसरा दोरा स्वतंत्रपणे चालविणे म्हणजे मल्टिथ्रेडिंग. आपल्या भाषेत सांगायचे, तर कंट्रोलरशेजारी चौकशीची वेगळी खिडकी उघडून तेथे दुसरा माणूस बसविणे.

एक्स सर्व्हरच्या १.१९ या आवृत्तीत, नोव्हेंबर २०१६ मध्ये, हे घडले. माउस आणि कीबोर्डचे ऐकण्याचे काम सिग्नलकडून काढून एका स्वतंत्र थ्रेडकडे दिले गेले. हे कामही मुख्यतः कीथ पॅकार्ड यांचेच. रंगविणारा रंगवीत राहील. ऐकणारा फक्त ऐकेल. आज साध्या फोनमध्येसुद्धा अनेक प्रोसेसर असतात. एक घाम गाळीत असताना इतरांनी स्वस्थ बसावे, हे त्या काळात न शोभणारेच होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. चौकशीच्या खिडकीमुळे पोलादपूर गाडी लवकर येत नाही. कंडक्टरचा हिशेबही लवकर संपत नाही. फक्त त्या म्हातारीला वेळेवर उत्तर मिळते. जलद काम आणि तत्पर उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आजवर दोहोंना वेग या एकाच नावाने ओळखीत होते.

मग शंभर माणसे का बसवू नयेत?

हा प्रश्न मी मावसभावाला विचारला. एकाने इतका फरक पडतो, तर प्रत्येक कामाला वेगळा थ्रेड द्यावा. तो हसला आणि त्याने माझ्यापुढे एका रजिस्टरची कल्पना मांडली.

आरक्षणाच्या दोन खिडक्या आहेत, रजिस्टर एकच. पहिल्या खिडकीतील माणसाने पाहिले, आसन क्रमांक १४ रिकामे आहे. तो नाव लिहिण्यासाठी पेन शोधू लागला. तेवढ्यात दुसऱ्यानेही पाहिले, १४ रिकामे आहे. दोघांनी तिकीट फाडले. गाडीत भांडण! दोघेही प्रामाणिक, दोघेही दक्ष, तरी चूक झाली. यावर उपाय कुलपाचा. ज्याच्या हाती किल्ली, त्यानेच रजिस्टर उघडावे. थ्रेडांच्या जगातही अशीच कुलपे वापरतात.

परंतु कुलूप आले की थांबणे आले. दहा माणसे बसविली आणि रजिस्टर एकच असले, तर नऊ जण किल्लीची वाट पाहतात. कुलपे अनेक केली तर निराळेच संकट. वरंध घाटातील अरुंद वळणावर दोन एसट्या समोरासमोर आल्या, की जे होते तेच येथे होते. एकीच्या मागे वाहनांची रांग, दुसरीच्याही मागे रांग. "तू मागे जा" असे दोघीही म्हणतात आणि कोणीच हलत नाही. एका थ्रेडच्या हातात एक किल्ली, दुसऱ्याच्या हातात दुसरी, आणि दोघांना हवी समोरच्याची. घाटात निदान कोणी उतरून हातवारे करतो. संगणकात कोणी उतरत नाही. तो कायमचा गोठतो.

शिवाय सर्वच काम वाटता येत नाही. १६ मिनिटांचे एक काम आहे असे धरा. त्यांतील ४ मिनिटांचा भाग एकट्यानेच करावा लागतो, १२ मिनिटांचा वाटता येतो. चार माणसे लावली तर १२ चे ३ होतील. पण ते ४ तसेच राहतील. माणसे चौपट, वेळ मात्र ७ मिनिटे. शंभर माणसे लावली तरी ४ मिनिटांच्या खाली येणे नाही. जीन अमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हा विचार त्यांच्या नावाने नियम म्हणून ओळखला जातो. आपल्या पुण्यातील सी-डॅक या संस्थेने १९९१ साली अनेक प्रोसेसर एकत्र जोडून परम ८००० हा महासंगणक उभा केला. अशा यंत्रापुढेही प्रश्न तोच असतो: डोकी पुष्कळ आहेत, पण काम कसे वाटायचे?

१९९० नंतरच्या काही वर्षांत संपूर्ण एक्स सर्व्हर अनेक थ्रेडांवर चालविण्याचा प्रयत्न झाला होता. एमटीएक्स हे त्याचे नाव. कुलपांनी गुंतागुंत वाढविली आणि मुख्य प्रवाहात तो टिकला नाही. याउलट बीओएस नावाच्या प्रणालीने त्याच दशकात पहिल्या दिवसापासून प्रत्येक चौकटीला स्वतंत्र थ्रेड दिला, पडद्याच्या सर्व्हरमध्येही आणि प्रोग्रॅममध्येही. ती तत्परतेबद्दल नावाजली गेली. तिची मालक कंपनी पुढे उरली नाही, पण २००१ पासून हौशी मंडळींनी तिचाच वारसा चालविला आहे; आज तो हायकू या नावाने ओळखला जातो. घराच्या पायातच जी भिंत बांधली ती भक्कम उभी राहते; राहत्या घरात मागाहून भिंत घालायची तर छप्परच उचलावे लागते. एक्सच्या लोकांनी २०१६ मध्ये सारे घर न पाडता फक्त एक खिडकी फोडली, म्हणून ते निभावले, असे मला वाटते.

२००८ साली क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी वेलँड ही नवी व्यवस्था सुरू केली. तीत मधली बरीच देवघेव कमी केली आहे. परंतु जुना प्रश्न तेथेही पाठ सोडीना. म्हणून ग्नोम या लोकप्रिय डेस्कटॉपने २०२१ च्या ४० व्या आवृत्तीत ऐकण्याचे काम वेगळ्या थ्रेडवर नेले, आणि २०२३ च्या ४५ व्या आवृत्तीत पडद्यापर्यंत बाण पोहोचविण्याचे कामही मुख्य थ्रेडपासून सोडविले. बाकी सारे गुंतलेले असले तरी बाण फिरत राहावा, एवढ्यासाठी इतक्या वर्षांची ही खटपट!

ओझे कमी करणे हाही उपाय

या शोधात आपल्या लिपीशी संबंध असलेली एक गोष्ट मला सापडली. देवनागरी रंगविणे हे रोमन लिपीइतके सरळ नाही. "कि" लिहिताना उच्चारात मागाहून येणारी वेलांटी अगोदर काढावी लागते. "क्ष"मध्ये दोन व्यंजने मिळून तिसरेच रूप होते. जुन्या एक्स सर्व्हरला हे ठाऊक नव्हते. या शतकाच्या आरंभी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने इंडिक्स नावाचा प्रकल्प केला आणि भारतीय लिप्यांचे हे ज्ञान एक्सच्या पातळीवरच आणले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. सर्व प्रोग्रॅमांना एकाच ठिकाणी आपली लिपी मिळावी, हा त्यामागील विचार मला मोलाचा वाटतो.

पुढे मात्र जगाने उलटी वाट धरली. अक्षरे जुळविण्याचे काम प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतः करावे आणि सर्व्हरकडे तयार आकृत्याच पाठवाव्यात, ही पद्धत रूढ झाली. आज पडद्यावर मराठी नीट उमटते ती बहुधा या पद्धतीनेच. यातून एक बोध घेता येतो. खिडकीवरची गर्दी हटविण्याचे दोन मार्ग असतात. एक, माणसे वाढविणे. दुसरा, लोकांनी अर्ज घरूनच भरून आणणे. शहाणा कारभारी दोन्ही करतो.

दोष कोणाचा?

आता पुन्हा माझ्या अर्जाकडे वळते. डिस्प्ले सर्व्हरमध्ये दुसरा थ्रेड असता तर माझी शिष्यवृत्ती वाचली असती का? प्रामाणिकपणे सांगायचे तर तेवढ्याने वाचली नसती. मावसभावाने मला रांगा मोजून दाखविल्या. पहिली रांग डिस्प्ले सर्व्हरच्या दाराशी. बाण अडला तो तेथे. दुसरी रांग ब्राउझरच्या दाराशी. पान उलटायचे काम त्याचे. तिसरी रांग दूर कोठेतरी असलेल्या संगणकाच्या दाराशी, जेथे त्या दोन दिवसांत सारेच अर्जदार धडकत होते. शिवाय जुन्या संगणकात मेमरी अपुरी असली, की सारेच प्रोग्रॅम एकमेकांना ढकलून बसतात, आणि अशा वेळी थ्रेड कितीही असोत, खोलीच अपुरी पडते. थ्रेडाने पहिली रांग तेवढी सुटली असती.

पण मी म्हणते, पहिली रांग सुटली असती तरी पुष्कळ होते. बाण फिरत राहिला असता तर मला कळले असते, की यंत्र जिवंत आहे, माझे ऐकले गेले आहे, फक्त उत्तराला उशीर आहे. मी थांबले असते. माणसाला उशीर सोसतो. आपले ऐकले की नाही हेच न कळणे सोसत नाही. तसेच, एकदा दाबल्यावर बटण काही काळ बंद ठेवणे, दाखला जोडल्याविना पुढे जाऊ न देणे आणि अर्ज पाठविण्यापूर्वी "पाठवू का?" असे एकदा विचारणे, ही कामे त्या पानाच्या कर्त्याची होती. यांतील एकही काम माझ्या बोटांचे नव्हते.

ज्यांच्या घरी संगणक लहानपणापासून आहे, त्यांचा बाण अडला तर ते संगणकाला नावे ठेवतात. आमच्यासारखी मुले स्वतःला नावे ठेवतात. हा फरक मला या अभ्यासात कळला, आणि माझ्या मते तो थ्रेडापेक्षाही महत्त्वाचा आहे. जगातील जाणती माणसे इतकी वर्षे ज्या अडचणीशी झगडत आली, तिचा दोष पोलादपूरच्या वाडीवरील एका मुलीने आपल्या हाताच्या सवयीवर घ्यावा, हे बरोबर नाही.

यंदा मी अर्ज मुदतीच्या पंधरा दिवस आधी भरला. मध्ये बाण पुन्हा अडला. मी माउसवरून हात उचलला, मांडीवर ठेवला आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजले. सतराव्या आकड्याला पान उलटले. दाखला जोडला, पुन्हा तपासला आणि मगच अर्ज पाठविला. तो मंजूर झाला आहे.

घरी आईला हे सारे कंट्रोलरच्या खिडकीची उपमा देऊन समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे तेव्हा तुझं चुकलं नव्हतं?"

"नाही आई."

"मग तुझ्या बाबास्नी पण सांग," ती म्हणाली. "ते अजून म्हणतात, पोरीला घाई झाली असेल."

त्या रात्री बाबा दुसऱ्या पाळीहून आल्यावर त्यांनाही सांगितले. पुढील वर्षी प्रथमच अर्ज भरणाऱ्या माझ्या धाकट्या भावंडांनो, तुम्हालाही तेच सांगते. बाण अडला तर हात उचला, थोडे थांबा, आणि स्वतःला नावे ठेवू नका.